मोडीत सापडलेली बिदरी : जुनी वस्तू ओळखायची कशी?

भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, तिकडे उदगीर-निलंगा आणि इकडे आळंद-कलबुर्गी, या सगळ्या पट्ट्यात मोडीची दुकानं धुंडाळणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. लोखंडाच्या ढिगात एखादं काळंकुट्ट, हाताला जड, गोलसर भांडं पडलेलं असतं. नक्षी अशी दिसतच नाही. दुकानदार लोखंडाच्या भावात तोलून द्यायला तयार असतो. घेणाराही पुष्कळदा ते उचलून पुन्हा खाली ठेवतो, कारण "बिदरी म्हणजे काळ्यावर चमचमती चांदी" हेच चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

चांदी उघड्या हवेत काळी पडते, हे घरातल्या निरांजनावरून सगळ्यांना ठाऊक आहे. पन्नास-साठ वर्षं माळ्यावर पडलेल्या बिदरी भांड्यावरची चांदीही तशीच काळी पडते. खालचा धातू मुळातच काळा, वर चांदीही काळवंडलेली, म्हणजे काळ्यात काळं मिसळून नक्षी गडप होते. म्हणून भांडं हातात आलं की पहिलं काम एकच : उन्हाच्या तिरप्या किरणात धरून सावकाश फिरवायचं. चांदीचा भाग नि धातूचा भाग यांच्या काळेपणात फरक असतो. एकाला किंचित निळसर-तपकिरी झाक असते, दुसरा मखमलीसारखा सपाट काळा. फिरवता फिरवता वेल, पानं, जाळी डोळ्यांपुढे उमटायला लागते.

दुसरी खूण चुंबकाची. बिदरीत मुख्य धातू जस्त आणि सोबत थोडं तांबं. आजचे कारागीर साधारण सोळाला एक असं प्रमाण सांगतात. काही जुन्या वस्तूंच्या तपासणीत थोडं शिसंही निघालं आहे. हा धातू चुंबकाला चिकटत नाही, पण वजनाला जवळजवळ लोखंडाइतका भरतो. तेव्हा लोखंडासारखं जड आणि तरी चुंबक लागत नाही, असं भांडं दिसलं की थांबावं. ॲल्युमिनियमवर काळा रंग देऊन केलेली नक्कल हातात घेताच कळते, कारण ॲल्युमिनियम जस्ताच्या निम्म्याहूनही हलकं असतं. पितळेवर रंग दिलेला असेल तर बुडाशी, न दिसणाऱ्या जागी, नखांचा रंग पुसायचं द्रव्य कापसावर घेऊन जरा टेकवावं. कापूस काळा झाला आणि खालून पिवळं दिसलं, तर विषय संपला. खरा बिदरीचा काळेपणा असा निघत नाही, कारण तो वरून लावलेला रंगच नव्हे.

बिदरीचं मर्म खरं तर याच काळेपणात आहे; चांदीचं काम जगात ठिकठिकाणी होतं. ओतलेलं भांडं कानशीने साफ करून त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवतात. त्याने तात्पुरता काळेपणा येतो नि टोकदार कलमाने काढलेली रेघ स्पष्ट दिसते. मग छिन्नीने खाचा कोरून त्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. पुन्हा घासून सगळं गुळगुळीत करतात. या टप्प्यावर भांडं करडं-पांढरं असतं आणि नक्षी जवळजवळ दिसेनाशी होते. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली, ऊन-पाऊस न लागलेल्या जागची माती नवसागराबरोबर पाण्यात उकळून त्याचा मारा करतात. जस्त-तांब्याचा धातू काळा होतो आणि चांदीला काहीही होत नाही. नुसतं जस्त असं काळं होत नाही, थोडं तांबं लागतंच. माती योग्य आहे का हे कारागीर जिभेला लावून पाहतात. शेवटी तेलाचा हात फिरला की काळा रंग खुलतो.

आता वय. स्वीडनची जुनी कुऱ्हाड हाती आली तर काम सोपं असतं. 1697 पासून चालत आलेल्या हुल्ट्स ब्रुकसारख्या कारखान्याचा शिक्का पात्यावर ठोकलेला असतो, वजनाचा आकडा असतो, शिक्क्याच्या ढंगावरून दशकसुद्धा सांगता येतं. आपल्या बिदरीवर बहुतेक वेळा ना नाव, ना साल. तेव्हा आकार आणि हात यांच्यावरूनच वाचावं लागतं.

विक्रेत्यांचा लाडका शब्द म्हणजे "बहामनी". ही कला बहामनी सुलतान अहमदशाह वलीच्या काळात, म्हणजे 1422 ते 1436 च्या दरम्यान, इराणी कारागिराबरोबर आली असं परंपरेने सांगतात. राजधानी कलबुर्गीहून बिदरला आली तीही त्याच्याच कारकिर्दीत. पण हुक्क्याचं भांडं दाखवून कुणी ते बहामनी म्हणू लागला तर शांतपणे एवढंच विचारावं : तेव्हा तंबाखू कुठे होती? बहामनी सत्ता 1538 पर्यंत पुरती संपली. तंबाखू दख्खनमध्ये रुजली ती त्यानंतर. अकबराचा दूत असद बेग विजापूरहून तंबाखू नि हुक्का बादशहाकडे घेऊन गेला तो 1604 च्या सुमारास. म्हणजे कितीही जुना म्हटला तरी बिदरी हुक्का बरीदशाहीच्या अखेरीच्या फार मागे जात नाही. 1619 मध्ये बिदर विजापूरकरांकडे गेलं, 1657 मध्ये औरंगजेबाने घेतलं. आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या बिदरी वस्तूही साधारण याच काळातल्या धरतात.

हुक्क्याच्या भांड्याच्या आकारातही काळ दडलेला आहे. जुनं भांडं चेंडूसारखं गोल, ते कड्यावर ठेवावं लागे. अठराव्या शतकात हळूहळू घंटेसारखा, खाली सपाट पसरलेला आकार रूढ झाला. त्या त्या काळच्या चित्रांतही हा बदल दिसतो. पानदान, पिकदाणी, सुरई, तबक, सतरंजीच्या चार कोपऱ्यांवर ठेवायचे मीर-ए-फर्श ही नवाबी-जहागिरी घरांची मागणी. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात बिदरी मांडली गेली, त्या शतकात साहेबी मागणीही वाढली. सिगारेटची डबी, राखदाणी, कफची बटणं हे सगळं नंतरचं. पण नंतरचं म्हणजे कमी दर्जाचं असं मुळीच नाही. निजामाच्या काळातली एखादी सिगारेटची डबी अशी नेटकी असते की डोळ्याचं पारणं फिटतं.

हात ओळखायला भिंग हवं. तारकशीत बारीक तार बसवलेली असते, तहनिशानमध्ये पत्र्याचे तुकडे, आणि जरबुलंदमध्ये चांदी पृष्ठभागापेक्षा वर उठलेली. उठावाचं काम नि त्यात मासे दिसले तर लखनौ आठवावं. बिदरी फक्त बिदरलाच होत नसे, लखनौ, पूर्णिया, मुर्शिदाबाद इथेही होई. देठासकट उभी अफूची रोपं ही मुघली वळणाची आवड. अशर्फीची बुट्टी पुढेही चालत राहिली. पिवळी तार दिसली की लोक "सोनं" म्हणून हुरळतात. जुन्या कामात ते बहुधा पितळ असतं. हाताने कोरलेली खाच कधीच अगदी एकसारखी नसते. तारेची टोकं जिथे भेटतात तिथे जरा नजर रोखावी.

आता जी गोष्ट सांगायला मी हा लेख लिहायला घेतला ती. भांडं ओळखलं की घरी नेऊन पहिलं काम लोक करतात ते चिंच, लिंबू नाहीतर पितळ उजळायची पावडर घेऊन घासायचं. कृपा करून करू नका. जस्ताला आम्ल चालत नाही, ते विरघळतं. काळा थर जातो, खालून करडा खडबडीत धातू उघडा पडतो आणि तारांची पकड सुटते. एका चांगल्या पानदानाची अशी दशा मी पाहिली आहे : झाकण लख्ख, पांढुरकं, नक्षी अर्धी गळालेली. कोरड्या मऊ सुती कापडाने चांदीवर हलकं चोळत राहिलं तर आठ-पंधरा दिवसांत ती आपण होऊन उजळते. मग खोबरेल तेलाचा एक थेंब पुरे. ओलाव्याने पांढरी भुकटी आली असेल तर मऊ ब्रशने झाडावी, पाण्यात बुडवू नये. आणि सांभाळून धरावी. जस्त ठिसूळ, फरशीवर पडलं की तडकतं.

याहून वाईट म्हणजे चांदीसाठी वितळवणं. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं, 907 ला उकळतं. चांदी त्याहून वर, 961 ला वितळते. भट्टीत जस्त पांढऱ्या धुरात उडून जातं आणि तळाशी चांदीचा लहानसा गोळा उरतो. तार इतकी बारीक असते की हाती येणारी चांदी अगदी थोडी. मोडीत कधी नुसत्या रिकाम्या खाचा असलेली भांडी दिसतात, त्यांची चांदी आधीच उपटलेली असते. तीही मी घेतो. कोरीव काम त्यांच्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं भरलेल्या भांड्यात दिसत नाही.

आज बिदरला हे काम जिवंत आहे. 2006 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, 2023 मध्ये शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री. काळा थर खरोखरच गेलेला असेल तर तो पुन्हा चढवायचं काम बिदरच्या कारागिरालाच विचारावं. घरी प्रयोग नकोत. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, ती परदेशी नातेवाइकांच्या पेटीत घालून पाठवता येत नाही.

वस्तू घेतल्यावर तिचं वजन, उंची, घेर नि बुडाचा फोटो यांबरोबर ती कुठल्या गावच्या, कुठल्या वाड्यातून आली हे विचारून त्याच दिवशी लिहून ठेवावं. 1956 मध्ये निजामाचा बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात, बिदर-भालकी-औराद म्हैसूरकडे. एकाच घराण्याची भांडी त्यामुळे तीन राज्यांत विखुरली आहेत. उदगीरच्या झाकणाचं भांडं भालकीत निघू शकतं, म्हणून झाकण एकटं मिळालं तरी त्याच्या तोंडाचा व्यास मोजून ठेवावा.