विश्लेषण : आजोबांच्या लाल वहीत दडलेला बाजार! जुन्या कीर्द-खतावण्या कशा वाचायच्या?

दिवाळी जवळ आली की छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी, शहागंज आणि जुन्या मोंढ्यात लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या दुकानांबाहेर मांडल्या जातात. हिशोब आता संगणकावर असतो, पण लक्ष्मीपूजनाला वही लागतेच. नव्या वहीची पूजा होते, जुनी माळ्यावर जाते. माळा साफ करताना, घर पाडताना किंवा भावांच्या वाटण्या होताना ती रद्दीच्या दुकानात पोहोचते. तिच्यासोबत काय जाते, याचा अंदाज अनेक घरांना नसतो. निजामकाळातल्या एखाद्या वहीच्या पानात नेमके काय असते आणि ते कसे वाचायचे, हे समजून घेऊ.

कीर्द आणि खतावणीत फरक काय?

कीर्द किंवा रोजकीर्द म्हणजे त्या-त्या दिवसाचा व्यवहार, घडला त्या क्रमाने. सुरुवातीला आदल्या दिवशीची शिल्लक, डावीकडे जमा, उजवीकडे नावे आणि शेवटी पुन्हा शिल्लक. खतावणीत हेच व्यवहार माणसागणिक लावलेले असतात. प्रत्येकाचे एक खाते आणि नोंदीसमोर कीर्दीच्या पानाचा आकडा. त्यामुळे एखाद्या शेतकऱ्याने वर्षभरात बियाणे, मीठ, कापड आणि लग्नासाठी किती उचल घेतली, हे खतावणीत एका जागी दिसते. ती त्याने नेमकी कोणत्या दिवशी घेतली आणि त्या दिवशी बाजारात आणखी काय चालले होते, हे पाहायला कीर्दच उघडावी लागते. दोन्हींपैकी एकच वही उरली असेल तर चित्र अर्धे राहते.

या वह्यांत छापील रकाने नसत. कागदाला घड्या घातल्या जात आणि त्या घड्यांच्या खुणांवर रकाने पडत. रकमेपुढची एक उभी दांडी म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण रुपया. मराठी मुनीम मोडीत लिहीत, मारवाडी पेढ्यांवर महाजनी लिपी चाले. महाजनीत स्वरचिन्हे बहुतेक गाळलेली असतात. लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मुनिमाला कळले की काम भागले, असा तो मामला. आज वाचणाऱ्याची मात्र परीक्षा होते.

कागद कुठून यायचा?

शहरापासून फार दूर नाही. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरचे कागजीपुरा हे गाव हातकागदासाठीच ओळखले जाते. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली आणि त्याच काळात कागद करणारे कारागीर इथे वसले, अशी या गावाची परंपरा सांगते. चिंध्या कुटून केलेला हा कागद चिवट असतो. गिरणीतल्या स्वस्त कागदाची पाने पिवळी पडून तुटतात, तर त्याहून जुनी हातकागदाची पाने पुष्कळदा धड असतात. या एका कारणाने कधी कधी पणजोबांची वही आजोबांच्या वहीपेक्षा चांगल्या अवस्थेत सापडते!

एकाच पानावर दोन रुपये कसे?

मराठवाड्यातल्या वह्यांची खरी गंमत आणि डोकेदुखीही इथे आहे. हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे नाणे होते, हाली सिक्का. विसाव्या शतकातल्या या रुपयावर चारमिनारचे चित्र असे. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या रुपयाला लोक कलदार म्हणत. दोन्ही रुपयेच, पण किंमत वेगळी. पुढे स्थिरावलेल्या दराने १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पई हाली, थोडक्यात सहाला सात. मुंबईहून माल आणायचा तर कलदार मोजावे लागत, गावातली विक्री हालीत होई. म्हणून वहीत ‘हाली’ की ‘कलदार’ हे लिहिलेले असते आणि मधला बट्टा वेगळा मांडलेला असतो. हा शब्द वाचायचा राहिला तर सगळा हिशोब सहावा-सातवा हिस्सा चुकतो.

तारखांचेही तसेच. डिसेंबर १९२९ मधली एक नोंद मराठी दुकानात शके १८५१, गुजराती-मारवाडी पेढीवर विक्रम संवत १९८६ आणि सरकारी कागदात फसली १३३९ अशी दिसू शकते. फसली साल ऑक्टोबरमध्ये बदलत असे. त्यात ५९० मिळवले की इसवी सन हाती लागतो, म्हणजे १३३९ फसली हे १९२९-३०.

पैसा रस्त्याने न्यायचा नाही, तर कसा?

हुंडीने. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचे औरंगाबाद झाले आणि ते सुरत-गोवळकोंडा मार्गावर होते. फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निये याच वाटेने गेला. चांदीचे रुपये बैलगाडीत घालून एवढ्या लांब नेणे म्हणजे चोरांना आमंत्रण. त्यापेक्षा इथल्या सावकाराकडे रक्कम भरायची, त्याच्या सुरत किंवा मुंबईच्या पेढीवरची चिठ्ठी घ्यायची आणि तिथे वटवायची. त्यासाठी द्यावी लागणारी रक्कम म्हणजे हुंडणावळ. दाखवताच पैसे मिळणारी ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी मिळणारी ती मुदती. हुंडी हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ लिहून दिली जाई. वहीतल्या हुंडणावळीच्या नोंदी लावल्या की या शहराचा व्यवहार कोणत्या गावांशी होता, याचा नकाशाच तयार होतो.

१९०० मध्ये मनमाड-सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली आणि हा नकाशा बदलला. शहरात कापसाची गिरणी १८८९ मध्येच उभी राहिली होती. रेल्वेनंतर सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने वाढले, त्यातले सर्वाधिक जालन्यात. मग वह्यांत गाडीभाडे, गाठी, अडत, तोलाई, हमाली असे शब्द गर्दी करतात. धर्मादा नावाची छोटी कपातही दिसते. गोशाळा, धर्मशाळा यांसाठी ती मालाच्या रकमेतून कापली जाई, म्हणजे पुण्य व्यापाऱ्याचे आणि पैसे बऱ्याचदा शेतकऱ्याचे. अशा कपातींना आणि मापांना शिस्त लावण्यासाठी संस्थानाने १३३९ फसलीत बाजार कायदा केला. आजच्या बाजार समित्यांची मराठवाड्यातली सुरुवात तिथली.

वहीचा एवढा राग का होता?

कारण ती एकाच्याच हातात होती. खाते शेतकऱ्याचे, पण लिहिणारा सावकार, व्याज लावणारा सावकार आणि वाचता येणाराही तोच. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर हल्ला केला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांत लोकांना हवे होते ते कर्जरोखे आणि वह्या. कागद हाती आले की ते जाळले जात, आणि जिथे ते मुकाट्याने दिले गेले तिथे मारहाण क्वचितच झाली. त्यानंतर १८७९ मध्ये इंग्रजांनी दख्खन शेतकरी कायदा केला. कर्जदाराला पावती आणि हिशोबाचा उतारा मागण्याचा हक्क मिळाला. तो हक्क गोदावरीपर्यंतच होता. नेवाशाच्या काठावर इंग्रजी कायदा, समोरच्या गंगापूरच्या काठावर निजामाचा.

वही खरी मानायची का, हा प्रश्न कायद्यालाही पडला होता. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ ने नियमित ठेवलेल्या वहीतली नोंद ग्राह्य धरली, पण केवळ तिच्या आधारे कुणावर देणे लादता येणार नाही असेही सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २८ म्हणून हाच नियम कायम आहे. सुट्या कागदांना ‘वही’ म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये जैन हवाला प्रकरणात स्पष्ट केले. लाल कापडाच्या त्या शिवणीला असा वजनदार अर्थ आहे.

माळ्यावर वही सापडली तर?

कंपनी कायद्यानुसार हिशोब आठ आर्थिक वर्षे जपावे लागतात. त्यापुढे कायदा काही मागत नाही, आणि म्हणूनच जुन्या वह्या सर्वात आधी रद्दीत निघतात. वही सापडली तर शिवण उसवू नये, पाने सुटी करू नयेत, फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नये. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकावी आणि पहिल्या पानापासून क्रमाने, मोबाइलने का होईना, छायाचित्रे काढावीत. कोरी वाटणारी पाने आणि पुठ्ठ्याच्या आतली बाजूही सोडू नये. उधारीच्या आठवणी, पावसाची तारीख, धान्याचे भाव अशा गोष्टी तिथेच खरडलेल्या असतात. कुणाच्या तरी आजोबांचे कर्ज त्यात नावानिशी असते, त्यामुळे ही छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्याआधी विचार करावा.

वाचणार कोण, ही अडचण उरतेच. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो आणि शहरात मोडी जाणणारे अभ्यासक आहेत. महाजनी वाचणारे त्याहून कमी, आणि ते बहुधा जुन्या पेढ्यांवरचे वयस्कर मुनीमच. मोडी आणि महाजनी या दोन्ही लिपींना २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, त्यामुळे वाचलेले पान त्याच लिपीत संगणकावर उतरवता येते. ते आधी वाचून द्यायला मात्र अजून माणूसच लागतो.