ओळ कुठं संपते?

मागं आमच्या गटात एक भानगड झाली. एका बाईंनी दर महिन्याचे २०० रुपये वेळेवर भरलेले, वहीत सहीसुद्धा. तरी संगणकाच्या यादीत त्या थकबाकीदार! नीट पाहिलं तर त्यांच्या नावाचे दोन हिशोब निघाले. काही महिन्यांची बचत एकात, काहींची दुसऱ्यात. नावात काना-मात्रेचाही फरक नाही.

कारण सापडलं ते ओळीच्या शेवटी. वहीतली ओळ आपल्याला डोळ्यांनी दिसते. संगणकाला मात्र सगळा मजकूर एका लांब दोऱ्यासारखा असतो. आपण एंटर दाबलं की त्यात न दिसणारी खूण पडते, तिथं ओळ संपली असं तो धरतो. मोबाइलचा पडदा अरुंद म्हणून लांब वाक्य खाली उतरतं, तिथं खूण नसते. त्याच्या लेखी ती एकच ओळ.

अडचण अशी, की खुणा दोन आहेत. कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारे आठवतात? ओळ संपली की ते दांडी सरकवायचे. गाडा सुरुवातीला यायचा आणि कागद एक ओळ वर चढायचा. टेलिप्रिंटरवर या दोन कामांना दोन वेगळ्या खुणा लागायच्या. संगणकात त्यांचे क्रमांक १३ आणि १०. विंडोजमध्ये अजून बहुधा दोन्ही लागतात; अँड्रॉइड मोबाइल एकट्या १० वर भागवतो.

आमच्या काही याद्या मोबाइलवरच्या, काही विंडोजवरच्या. ओळीत आधी रक्कम, मग नाव. गटातल्याच एकीच्या लेकीनं पायथन भाषेत प्रोग्रॅम लिहिला आणि मजकूर जसाच्या तसा घेऊन फक्त १० वर तोडला. विंडोजच्या यादीत १३ ची खूण नावाला चिकटून राहिली. आपल्याला नाव तेच, संगणकाला वेगळं! शिवाय शेवटच्या एंटरनंतरची रिकामी जागाही ओळ म्हणून मोजली गेली. ११ सभासदांच्या १२ झाल्या. ही बारावी कोण, यावर बैठकीत बराच हशा झाला. थकबाकी लागलेल्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

पायथनमध्ये यासाठी 'स्प्लिटलाइन्स' ही तयार आज्ञा आहे. ती दोन्ही तऱ्हेच्या खुणा ओळखते, शेवटी उगाच ओळ वाढवत नाही. मधल्या रिकाम्या ओळी मात्र तशाच ठेवते, त्या आपण गाळायच्या. पोरीनं तेवढी एक आज्ञा बदलली आणि बाईंची थकबाकी शून्य झाली.

आता यादी पाठवताना आम्ही प्रत्येक नावानंतर एंटर दाबतो. स्पेस देत देत नाव खाली ढकलायची काहींना सवय होती. तिथं खूण पडतच नाही.