थेंबाखालचा विस्तव

सह्याद्रीच्या पायथ्याशी, दोडामार्ग आणि सत्तरी या दोन तालुक्यांतील काजूबागांत, शिशिर सरता सरता बिया वेचण्याचा हंगाम सुरू होतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत रानातल्या गोचिडांच्या चाव्यातून, ज्याला लोक माकडताप म्हणतात तो ज्वरही माणसांच्या वस्तीपर्यंत येऊन पोचतो. तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात 1957 साली प्रथम ओळखला गेलेला हा रोग 2016 साली सिंधुदुर्गात प्रकट झाला. त्याचा विषाणू रोग्याच्या रक्तात सापडतो तो मुख्यतः तापाच्या आरंभीच्या दिवसांत. आणि ते मोलाचे दिवस जर रक्ताचा नमुना बर्फाच्या पेटीत घालून घाट ओलांडून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवण्यात आणि तिच्या अहवालाची वाट पाहण्यात खर्ची पडले, तर निदान अचूक असूनही उशिराचे ठरते. नमुन्याने प्रवास करण्यापेक्षा प्रयोगशाळेनेच रोग्याच्या दारी यावे, ही वैद्यकाची जुनी आकांक्षा आज ज्या साधनांमुळे आवाक्यात आली आहे, त्यांत विजेने तापणाऱ्या एका पातळ पापुद्र्याचा वाटा फार मोठा आहे.

विषाणू शोधण्यास उष्णता कशासाठी लागावी, हा प्रश्न प्रथम सोडवला पाहिजे. नमुन्यातील विषाणूचे जनुकद्रव्य इतके अत्यल्प असते की, त्याच्या कोट्यवधी प्रती काढल्यावाचून ते नजरेच्या टप्प्यात येत नाही. कॅरी म्युलिस यांना 1983 साली सुचलेल्या आणि 1993 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळवून देणाऱ्या पीसीआर या पद्धतीत द्रव सुमारे 95 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून जनुकाची दुहेरी साखळी उलगडतात, मग तो निववून प्रत काढतात, आणि हे आवर्तन तीस-चाळीस वेळा करतात. दर आवर्तनाला प्रती दुप्पट झाल्या, तर तिसाव्या आवर्तनाअखेर एका रेणूचे शंभर कोटींहून अधिक रेणू होतात. या चढउतारासाठी लागणारे यंत्र दीर्घकाळ टेबलावरचे, भारी आणि अखंड विजेवर विसंबणारे राहिले. 2000 साली जपानमधील आयकेन केमिकल या कंपनीतील नोतोमी आणि त्यांचे सहकारी यांनी लॅम्प ही पद्धत जगापुढे मांडली, आणि तीत हा चढउतारच अनावश्यक ठरला: एक विशिष्ट विकर 60 ते 65 अंशांच्या स्थिर उष्णतेत आपण होऊनच साखळी उलगडते आणि प्रतीही काढते. आता मागणी उरली ती एवढीच की, एका थेंबाखाली अर्धा-पाऊण तास एकसारखी ऊब राहावी.

ही मागणी किती अल्प आहे, हे हिशेबानेच पाहावे. 25 मायक्रोलिटर द्रव 25 अंशांवरून 65 अंशांवर नेण्यास जेमतेम सव्वाचार ज्यूल ऊर्जा पुरते, आणि टॉर्चमध्ये घालतात त्या एका पेन्सिल सेलात साधारण दहा हजार ज्यूल साठवलेले असतात. सेल झिजतो तो थेंबासाठी नव्हे. भोवतालचे प्लास्टिक, काच आणि हवा यांच्याकडे अखंड पाझरणाऱ्या उष्णतेची भरपाई करण्यातच त्याचे बहुतेक बळ वेचले जाते. म्हणून जाड धातूचा ठोकळा तापवण्याऐवजी थेंबाला अगदी लगटून बसणारा, स्वतःला वस्तुमान जवळपास नसलेला तापक हवा, आणि तो गुण या पापुद्र्यात आहे.

काचेवर इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक लेप, प्लास्टिकवर कार्बनच्या शाईचा छापील थर, किंवा पॉलिइमाइडच्या पट्टीवर धातूची नागमोडी रेघ, अशी त्याची अनेक रूपे आहेत. एकसारख्या जाडीच्या लेपाचा चौरस लहान असो वा मोठा, समोरासमोरच्या कडांमधील त्याचा विद्युतरोध तोच राहतो, हा या विद्येचा मूलाधार होय. दहा ओहमच्या चौरसाला मोबाइलच्या चार्जरचे 5 व्होल्ट दिले की, अर्धा अँपिअर प्रवाह वाहून अडीच वॉट उष्णता निर्माण होते. पारदर्शक लेपातून द्रवाचा बदलता रंग वा प्रकाश थेट पाहता येतो. कार्बनच्या काही शाया तापताच आपला रोध वाढवून स्वतःच प्रवाहाला लगाम घालतात. परंतु कारागिराचे खरे कसब समतेत आहे. कडा मध्यापेक्षा लवकर निवतात. चांदीच्या संपर्कपट्ट्या समांतर नसल्या, तर प्रवाह जवळच्या वाटेने धावतो आणि एक कोपरा तापून दुसरा थंड राहतो. साठ अंशांखाली विक्रिया रेंगाळते, सत्तरीपुढे विकर शिथिल होऊ लागते, आणि मग रोगी असूनही चाचणी नकाराचा निवाडा देते.

17 नोव्हेंबर 2020 रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने करोनाच्या ज्या पहिल्या घरगुती रेणवीय चाचणीला तातडीची परवानगी दिली, ती लुसिरा कंपनीची चाचणी लॅम्पवर आधारलेली होती, पेन्सिल सेलांवर चालत होती आणि अर्ध्या तासात निर्णय देत होती. आपल्याकडे गोव्यातील मोलबायो आणि बंगळुरूची बिगटेक यांचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र तर पीसीआरचाच चढउतार लहानशा चिपवर साधते. बिगटेकच्या एकस्वपत्रांत सिरॅमिकच्या थरांतच तापक बसवल्याचे वर्णन आहे. तापणारे वस्तुमान जितके कमी, तितके ते तापवणे व निववणे सुलभ, हेच त्यामागचे तत्त्व. क्षयाच्या निदानासाठी 2020 साली जागतिक आरोग्य संघटनेने या यंत्राची शिफारस केली, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या सहकार्याने निपाह व माकडताप या दोन्ही रोगांसाठी त्यावरील चाचण्या सिद्ध झाल्या.

केवळ ऊब दिल्याने निदान होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. रक्तातून जनुकद्रव्य स्वच्छ वेगळे करणे, धोकादायक नमुना सुरक्षितपणे हाताळणे, आणि एका नळीतील प्रतींचा अंश दुसरीत जाऊन खोटा होकार न येऊ देणे, ही कामे शिकलेल्या हातांची आहेत. म्हणून शासनाच्या दप्तरातून यंत्रखरेदीचा हुकूम सुटेल, त्याच दिवशी ते चालवणाऱ्या आरोग्यसेवकांच्या शिक्षणाची आणि सुट्या साहित्याच्या अखंड पुरवठ्याची तजवीज झाली पाहिजे. काजूचा हंगाम सुरू होण्याआधी रानालगतच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असे एक यंत्र आणि ते जाणणारा एक माणूस, या दोन्ही गोष्टी सज्ज असाव्यात, एवढीच मागणी आहे. आणि ती पुरवणे आपल्या ऐपतीबाहेरचे नाही.