व्हॅनिला : बाटलीतली की पुडीतली?

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीसारख्या गावात ईदच्या तोंडावर नानकटाई करणाऱ्या आपल्या बांधवांपुढे एक प्रश्न हमखास येतो : व्हॅनिला इसेन्स संपले, तर पूड चालेल का? चालेल, पण चमच्याला चमचा हे माप धरू नये.

अस्सल व्हॅनिला अर्क शेंगा अल्कोहोलात मुरवून काढतात. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल असावेच लागते. स्वस्त इसेन्समध्ये बहुधा कृत्रिम व्हॅनिलिन असते. ते प्रॉपिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवतात, कधी अल्कोहोलातही. म्हणून लेबल वाचूनच बाटली घ्यावी. भट्टीत अल्कोहोल उडून जाते, असे दुकानदार सांगेल. पण हलाल-हरामचा निर्णय दुकानदाराने द्यायचा नसतो, आलिमांना विचारावे.

व्हॅनिलिनच्या कोरड्या पुडीत ही अडचण नाही. मात्र ती फार तेज असते. शुद्ध पूड असेल तर किलोभर मैद्याला अर्ध्या ग्रॅमपासून सुरुवात करावी. जास्त झाल्यास माल कडवट लागतो. थंड पाण्यात ती नीट विरघळत नाही. थोड्या कोमट तुपात विरघळवून, निवल्यावर बाकीच्या तूप-साखरेत फेटावी. साखर किंवा स्टार्च मिसळलेल्या पुडीला हे माप लागू नाही. पहिला घाणा लहान ठेवा आणि नानकटाई पूर्ण थंड झाल्यावरच चव पाहा.