शेजारचा संगणक पासवर्ड मागतो तेव्हा

घरातले दोन संगणक एकाच राउटरला जोडले, की इंटरनेट नसतानाही एकावर शेअर केलेले फोल्डर दुसऱ्यावर उघडता येते. मुलचेऱ्यासारख्या जंगलातल्या तालुक्यात इंटरनेटची लाइन गेली तरी ही सोय चालू राहते. फक्त राउटरला वीज हवी. मात्र विंडोजमध्ये फोल्डर उघडताना पुष्कळदा नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट येते.

इथे वायफायचा पासवर्ड चालत नाही आणि आपण वापरत असलेल्या संगणकाचाही नाही. ज्या संगणकावर फोल्डर आहे, त्यावरच्या खात्याचे नाव व पासवर्ड द्यावा लागतो. खाते मायक्रोसॉफ्टचे असेल तर ईमेल पत्ता आणि त्या खात्याचा पासवर्ड लागतो. रोज संगणक उघडताना टाकला जाणारा चार आकडी पिन नेटवर्कवर चालत नाही. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

खात्याला पासवर्डच नसेल तर रिकामी चौकट स्वीकारली जात नाही, कारण बिनपासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. अशा वेळी त्या खात्याला पासवर्ड द्यावा. माहिती बरोबर असूनही नकार मिळाला, तर कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड साठलेला आहे का ते पाहावे, असल्यास ती नोंद काढून टाकावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. खात्याच्या नावाआधी फोल्डर असलेल्या संगणकाचे नाव व उलटी तिरकी रेघ लिहिल्यानेही अडचण सुटू शकते.

पासवर्डची अट बंदही करता येते. पण मग त्या वायफायवर आलेल्या कुणालाही फोल्डर उघडता येऊ शकते.