आठ दिग्गज, एक नाव आणि फसलेले ‘युनियन’

‘येस’ या ब्रिटिश बँडचा ‘युनियन’ हा अल्बम १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जगभरातील रॉकरसिकांच्या अपेक्षा शिगेला पोहोचल्या होत्या. वेगवेगळ्या काळात या बँडमध्ये वाजवलेले आठ नामवंत कलावंत एकाच नावाखाली पुन्हा एकत्र येत होते. प्रत्यक्षात हाती पडली ती गुळगुळीत, रेडिओला सोयीची आणि बव्हंशी निर्जीव गाणी. ‘नाव मोठे, लक्षण खोटे’ असाच अनुभव अनेकांना आला.

१९६८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेला ‘येस’ हा प्रोग्रेसिव्ह रॉकचा अग्रणी बँड. तीन-चार मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून, पाश्चात्त्य अभिजात संगीताप्रमाणे अनेक खंडांत उलगडणाऱ्या, ताल आणि लय सतत बदलणाऱ्या दीर्घ रचना हे या प्रकाराचे वैशिष्ट्य. १९७२च्या ‘क्लोज टू द एज’ या अल्बममध्ये अवघ्या तीन रचना होत्या आणि शीर्षक रचनेने तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापली होती. वादक एकमेकांचे ऐकत, एकमेकांना छेद देत वाजवत असल्यानेच अशी रचना तोल सांभाळू शके.

पुढे गिटारवादक ट्रेव्हर रॅबिन आले आणि १९८३च्या ‘९०१२५’ या अल्बमने बँडला सुबोध, आधुनिक वळण दिले. त्यातील ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. मात्र १९८८ मध्ये गायक जॉन अँडरसन बाहेर पडले आणि त्यांनी बिल ब्रुफोर्ड, रिक वेकमन व स्टीव्ह हाऊ या जुन्या सहकाऱ्यांना घेऊन १९८९ मध्ये वेगळा अल्बम काढला. ‘येस’ हे नाव मात्र ख्रिस स्क्वायर, रॅबिन, ॲलन व्हाइट आणि टोनी के यांच्या गटाकडे राहिले. त्यामुळे अँडरसन यांच्या गटातील चौघांना केवळ स्वतःच्या आडनावांवर विसंबावे लागले. नावावरून वादही झाला.

‘युनियन’चा जन्म या पेचातून झाला. अँडरसन यांच्या गटाचा दुसरा अल्बम निर्माते जोनाथन इलायस यांच्या देखरेखीखाली तयार होत होता. दुसरा गट आपली गाणी स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करत होता. व्यवहाराच्या पातळीवर समझोता झाला आणि दोन्हीकडचे साहित्य ‘येस’ या नावाखाली एकत्र करण्यात आले. रॅबिन-स्क्वायर गटाच्या वाट्याला चार रचना आल्या. आठही जण एकत्र वाजवत आहेत, असे एकही गाणे या अल्बममध्ये नाही!

त्याहून गंभीर प्रकार स्टुडिओत घडला. हाऊ आणि वेकमन यांच्या अनुपस्थितीत गिटार आणि कीबोर्डचे अनेक भाग भाडोत्री वादकांकडून वाजवून घेण्यात आले. गिटारसाठी जिमी हॉन यांना पाचारण करण्यात आले. ज्या वादकांच्या नावावर अल्बम विकला जाणार होता, त्यांचेच वादन त्यातून मोठ्या प्रमाणात हद्दपार झाले. ऐकताना डोळ्यांत पाणी येते म्हणून वेकमन या अल्बमला उपहासाने ‘अनियन’, अर्थात कांदा, म्हणू लागले.

व्यापारी दृष्ट्या अल्बम सपशेल पडला असे नव्हे. ब्रिटनमध्ये तो सातव्या आणि अमेरिकेत पंधराव्या क्रमांकापर्यंत गेला. रॅबिन यांचे ‘लिफ्ट मी अप’ अमेरिकी रॉक रेडिओवर गाजले. हाऊ यांनी एकट्याने वाजवलेल्या ‘मास्करेड’ या गिटारवादनाला ग्रॅमी नामांकनही मिळाले. ज्या रचनांमागे एका कलावंताचा स्पष्ट हात होता, त्याच टिकल्या, हे येथे लक्षात घेण्याजोगे.

त्यामुळे लोकप्रिय बाज स्वीकारल्याने ‘येस’ घसरला, हा निष्कर्ष अपुरा ठरतो. ‘९०१२५’चा बाजही लोकप्रियच होता, पण तो एकत्र बसून घडवलेला होता. ‘युनियन’मध्ये करार जुळले, सूर जुळले नाहीत. याचा पुरावा त्यानंतरच्या दौऱ्याने दिला. गोलाकार रंगमंचावर आठही जण खरोखर एकत्र वाजवू लागले, तेव्हा श्रोत्यांनी त्यांना मनापासून दाद दिली.

२०१७ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने ‘येस’चा गौरव केला, तो नेमका याच आठ जणांच्या नावे. स्क्वायर यांचे २०१५ मध्येच निधन झाले होते. आठ जणांच्या एकत्र वादनाचे स्टुडिओतील ध्वनिमुद्रण मात्र ‘युनियन’ने मागे ठेवले नाही.