फोटोग्राफी शिकायचीय? घरातल्या जुन्या आल्बमपासून सुरुवात करा

घरातले वडीलधारे माणूस गेल्यावर भिंतीवर लावायला एक धड फोटो सापडत नाही, हा अनुभव आपल्यापैकी बऱ्याच घरांनी घेतला असेल. मग कुठल्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा केला जातो. आजी गेली तेव्हा मीही तेच केले. चेहरा धूसर होता म्हणून मोबाइलवरच्या एका ॲपने तो ‘स्वच्छ’ करून घेतला. डोळे चमकू लागले, सुरकुत्या गेल्या, फोटो अगदी कालचा वाटू लागला. फ्रेम करून आणली तेव्हा आजीची धाकटी बहीण बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “छान आहे रे, पण ही आमची ताई नाही.”

फोटोग्राफी नीट शिकायची, हे मी त्या दिवशी ठरवले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो. नवीन शिकणाऱ्यांना माझे सांगणे एकच आहे : पहिले दोन-तीन महिने घरातल्या जुन्या फोटोंचे फोटो काढा. जुना फोटो हलत नाही, डोळे मिटत नाही, कंटाळत नाही. एकच फोटो दहा वेळा काढता येतो. आणि मूळ फोटो हातात असल्यामुळे आपला कुठे चुकला ते लगेच कळते. शिवाय सराव करता करता घरचा ठेवाही जपला जातो.

नोकरी सांभाळून फोटोग्राफी शिकण्याचा पायंडा तर आपल्या इंदूरने फार पूर्वीच घालून दिला आहे. पुढे निजामाच्या दरबारी नाव कमावलेले राजा दीनदयाळ मूळचे इंदूरच्या बांधकाम खात्यातले ड्राफ्ट्समन. रुडकीला शिकून ते १८६६ मध्ये इथे आले आणि १८७४ च्या सुमारास हौस म्हणून त्यांनी कॅमेरा हातात घेतला. त्या काळी प्रत्येक फोटोसाठी काचेची प्लेट लागे. आपल्याला चुकायला पैसे पडत नाहीत, ही केवढी सोय आहे!

आधी फोटो हाताळायला शिका

हात धुऊन कोरडे करा आणि फोटो कडेने धरा. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटका. ओले फडके कधीही फिरवू नका. जुन्या फोटोंचा वरचा थर जिलेटिनचा असतो, तो पाणी लागताच फुगतो.

काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट फोटो घ्या. चिकट पानांच्या आल्बममधला फोटो निघत नसेल तर दात साफ करायचा मेण नसलेला धागा फोटोखालून हळूहळू सरकवा. तरीही निघत नसेल तर राहू द्या, वरचे प्लास्टिक उचलून आहे तिथेच त्याचा फोटो घ्या.

आणि प्रत्येक फोटोची मागची बाजूही टिपा. तिथे नाव, तारीख, स्टुडिओचा शिक्का असतो. पुढे चेहऱ्याइतकेच त्याला मोल येते.

प्रकाश

फोटोग्राफीचा निम्माअधिक अभ्यास प्रकाशाचा आहे. टेबल खिडकीजवळ घ्या. थेट ऊन नको, नुसता उजेड हवा. सकाळी दहा-अकराची वेळ चांगली. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, कारण खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट यांचे रंग वेगळे असतात. दोन्ही एकत्र आले की फोटोचा एक भाग निळसर आणि दुसरा पिवळट येतो. फ्लॅशही बंद करा, तो चकचकीत कागदावर पांढरा डाग पाडतो.

उजेड एकाच बाजूने येत असल्यामुळे खिडकीकडची कड उजळ आणि पलीकडची काळपट दिसेल. पलीकडे एक पांढरा कागद उभा धरा. उजेड त्यावर आपटून परत येतो आणि फोटो सगळीकडे सारखा दिसू लागतो. हीच युक्ती उद्या माणसाचा फोटो काढताना कामाला येणार आहे.

काचेच्या फ्रेममधल्या फोटोत आपलेच प्रतिबिंब येते. त्यासाठी गडद कपडे घाला, आणि काळ्या कापडाला मध्ये भोक पाडून त्यातून फक्त लेन्स बाहेर काढा.

मोबाइल स्थिर आणि समांतर

मोबाइलची लेन्स आधी पुसा. बोटांचे तेल लागून फोटो धुरकट येणे ही सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त होणारी चूक. फोटो जमिनीवर सपाट ठेवा आणि मोबाइल एका स्टुलाच्या कडेवर असा ठेवा की लेन्स बाहेर राहील. मागच्या टोकावर पुस्तकाचे वजन ठेवा. मोबाइल फार जवळ नेला तर कडा फुगीर दिसतात आणि मोबाइलची सावलीही पडते. म्हणून थोडे उंचावरून दुप्पट झूम घेऊन काढा. पडद्यावर ग्रिडच्या रेषा सुरू करा आणि फोटोच्या कडा त्या रेषांशी समांतर आणा. बटण दाबताना हात लागून मोबाइल हलतो, म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावा.

तीन आकड्यांचे गणित

कुठल्याही कॅमेऱ्यात उजेडाचा हिशेब तीन गोष्टींनी होतो. ॲपर्चर म्हणजे लेन्सचे छिद्र किती मोठे, शटर म्हणजे ते किती वेळ उघडे, आणि आयएसओ म्हणजे आलेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो. शटर १/६० सेकंदावरून १/३० वर नेले की उजेड दुप्पट होतो. आयएसओ १०० चा २०० केला तरी फोटो तेवढाच उजळतो, पण आयएसओ वाढत गेला की फोटोत दाणे दिसू लागतात. शटर लांबवले तर दाणे येत नाहीत, मात्र हात किंवा समोरचे माणूस हलले की फोटो पुसट होतो.

मोबाइलमध्ये छिद्र बहुधा ठरलेलेच असते, त्यामुळे उरतात दोन. एकच जुना फोटो सकाळी खिडकीपाशी आणि रात्री ट्यूबलाइटखाली हातात मोबाइल धरून काढा. गॅलरीत त्याचे ‘डिटेल्स’ उघडा. सकाळी आयएसओ शंभरच्या आसपास दिसेल, रात्री तो कित्येक पटींनी वाढलेला असेल. दोन्ही फोटोंतला चेहरा मोठा करून बघा. जे पुस्तक वाचून उमगत नाही ते इथे दिसते.

आणखी एक. कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी काढून उजेड ठरवतो. फोटो काळ्या कापडावर ठेवला तर त्याला वाटते अंधार आहे, आणि तो चेहरा पांढराफटक करतो. पांढऱ्या चादरीवर ठेवला तर उलटे, सगळेच काळवंडते. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून धरा, फोकस आणि उजेड तिथे लॉक होतो. मग बाजूच्या सूर्याच्या चिन्हाने हवा तसा कमी-जास्त करा. शंका असेल तेव्हा किंचित गडद ठेवा. गडद भाग नंतर बराच उजळता येतो, पण पूर्ण पांढरा झालेला भाग परत आणता येत नाही, कारण तिथे माहितीच उरलेली नसते.

एडिटिंग : किती करायचे आणि कुठे थांबायचे

मोबाइलवर स्नॅपसीड आणि संगणकावर गिंप ही दोन्ही मोफत आहेत आणि नवशिक्याला पुरेशी आहेत. पहिला नियम : मूळ फाइलला हात लावायचा नाही, तिची प्रत काढून तिच्यावर काम करायचे.

क्रम असा ठेवा. आधी फोटो सरळ करा, मग कडा कापा. पण जुन्या प्रिंटची पांढरी चौकट ठेवा. अनेकदा त्यावर महिना-साल छापलेले असते, खाली स्टुडिओचे नाव असते.

नंतर ‘लेव्हल्स’ किंवा ‘कर्व्ह्ज’. तिथे डोंगरासारखा एक आलेख दिसतो, तो हिस्टोग्राम. डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे. विटलेल्या कृष्णधवल फोटोचा डोंगर मध्येच गोळा झालेला असतो, म्हणजे खरे काळे नाही आणि खरे पांढरेही नाही. दोन्ही टोकांचे बाण डोंगराच्या पायथ्याशी आणा. फोटोत जीव येतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर होतात, कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. तिथे लाल थोडा कमी करा आणि साडी किंवा भिंत अशी एखादी वस्तू नजरेसमोर धरा, जिचा खरा रंग घरात कुणाला तरी आठवत असेल.

शेवटी डाग आणि चरे ‘हीलिंग’ने काढा. हे साधन शेजारचा भाग उचलून डागावर बसवते. भिंतीवर, आकाशात, पदरावर ते सुरेख चालते. डोळे, ओठ, कपाळ इथे मात्र हात आवरा.

माझी चूक नेमकी इथेच झाली होती. धूसर चेहरा स्पष्ट करणारी ॲप हरवलेला तपशील शोधून आणत नाहीत, तो हरवलेलाच असतो. हजारो इतर चेहऱ्यांवरून डोळा कसा असावा याचा अंदाज बांधून ती नवा डोळा रेखाटतात. दिसतो छान, पण तो आपल्या माणसाचा नसतो. म्हणून माझी कसोटी सोपी आहे. प्रिंटला काळाने जे केले ते काढा, माणसाला काळाने जे दिले ते राहू द्या. चरा प्रिंटचा असतो, सुरकुती आजीची असते. फोटो लहान आणि धूसर असेल तर तो लहान आकारातच फ्रेम करा.

छपाई आणि जपणूक

चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. म्हणजे ४×६ इंचाला १२००×१८०० आणि ८×१२ ला २४००×३६०० पिक्सेल. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो, म्हणून नातेवाइकांना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फाइलला नाव द्या : साल, ठिकाण, माणसे. मूळ आणि सुधारलेली अशा दोन्ही प्रती किमान दोन जागी ठेवा, त्यातली एक घराबाहेर.

आता माणसांकडे वळा

एवढे जमले की त्याच खिडकीपाशी घरातल्या ज्येष्ठांना बसवा. खिडकी त्यांच्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला तोच पांढरा कागद किंवा धुतलेली चादर. मागे शक्यतो मोकळी, गडद भिंत. मोबाइल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, फोकस डोळ्यावर, ब्यूटी फिल्टर बंद. ‘हसा’ म्हणू नका. तुम्ही साफ केलेला जुना फोटो त्यांच्या हातात द्या आणि विचारा, “यात कोण कोण आहे?”

ते बोलायला लागतील. रामबागेतले घर, कुणाची मुंज, मागच्या ओळीत डावीकडून तिसरा कोण. नावे लिहून घ्या, कारण ती सांगू शकणारी माणसे दर वर्षी कमी होताहेत. आणि बोलता बोलता चेहरा खुलेल तेव्हा पाच-सात फोटो घ्या. त्यातला एक उद्या भिंतीवर लागेल. आणि तो बघून कुणीही म्हणणार नाही, की ही आमची ताई नाही.